कागदाची फुले, मुलांचे हात
(नाटे येथील पालक-मेळाव्यात केलेले भाषण)



माझ्या आधी बोललेल्या वक्त्यांनी दहावीचा निकाल, शिष्यवृत्ती, मुलींचे उच्च शिक्षण असे मोठमोठे विषय आपणांसमोर मांडले. माझा विषय त्यामानाने अगदी लहान आहे. तीन ते आठ वर्षांच्या मुलांनी वसंत ऋतूत रंगीत कागदाची फुले, पाने, भिरभिरी कशी करावीत, एवढेच मी सांगणार आहे. काही पालकांच्या चेहऱ्यावर मला आताच हसू दिसते आहे. "मास्तर, पोराला शाळेत लिहायला-वाचायला पाठवले, तुम्ही त्याला कागद फाडायला बसवता!" ही तक्रार मी अनेकदा ऐकली आहे. ती रागावून केलेली नसते, काळजीपोटी केलेली असते. म्हणून तिला नीट उत्तर देणे हे माझे कर्तव्य समजतो.

प्रथम ऋतूचे पाहू. पंचांगात वसंत चैत्र-वैशाखात येतो. आपल्या कोकणात मात्र तो आधीच चाहूल देतो. पौष-माघात आंब्याला मोहर धरतो, पाठोपाठ काजू मोहरतो. मग सावर पाने गाळून लाल फुलांनी भरते, पांगारा पेटल्यासारखा दिसतो, पळस फुलतो. करवंदीच्या जाळीत पांढऱ्या चांदण्या उमलतात आणि सुरंगीचा वास वाटेवर आपल्याला थांबवतो. वैशाखाच्या सुमारास बहाव्याचे पिवळे झुंबर लोंबू लागते. यशवंतगडाच्या बाजूने किंवा आंबोळगडच्या वाटेने चालत गेलात तर यातले बरेचसे डोळ्यांनी दिसेल. 'बहर' हा आपल्या रोजच्या बोलण्यातला शब्द फारसीतल्या 'बहार' वरून आला आणि बहार म्हणजे वसंत. 'कागद' हा शब्दही फारसीतूनच आपल्याकडे आला. म्हणजे बहर आणि कागद यांची सोयरीक भाषेने केव्हाच जुळवून ठेवली आहे!

कागदाची कथाही मुलांना सांगण्यासारखी आहे. ही विद्या मुळात चीनची. आठव्या शतकात ती समरकंदच्या मार्गाने अरबांच्या हाती आली, बगदादेत कागदाचे कारखाने निघाले, आणि तेथून पुढे कित्येक शतकांनी ती स्पेनच्या वाटेने युरोपात गेली. आपल्या महाराष्ट्रात दौलताबादजवळ कागजीपुरा नावाचे गाव आहे. तेथील मुस्लिम कागजी घराण्यांनी हातकागदाचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला. महंमद तुघलकाने १३२७ साली राजधानी दौलताबादला हलवली, त्या काळापासून ही कला तेथे आहे असे परंपरा सांगते. तेव्हा कागदाला हलकी वस्तू समजू नये. ज्ञानाचे ओझे त्याने हजार-बाराशे वर्षे वाहिले आहे.

आता मुलाला कागदकाम कशासाठी, या प्रश्नाकडे वळतो. जर्मनीत फ्रोबेल नावाचा एक शिक्षक होऊन गेला. त्याने १८३७ साली लहान मुलांसाठी एक शाळा काढली आणि पुढे तिला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, असे नाव दिले. त्या शाळेच्या पद्धतीत कागदाच्या घड्या घालणे, कागद कातरणे आणि कागदाच्या पट्ट्या विणणे यांना मानाचे स्थान होते. आपल्याच देशात मद्रासच्या टी. सुंदर राव यांनी १८९३ साली कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारे इंग्रजी पुस्तक लिहिले. त्याची कल्पना आपल्याला बालोद्यानातल्या कागदाच्या घड्यांवरून सुचली, असे त्यांनीच नमूद केले आहे. महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या, आणि पुढे हे काम कोसबाडच्या आदिवासी मुलांपर्यंत गेले. महागडी परदेशी साधने खेड्याला परवडणार नाहीत हे ओळखून त्यांनी पाने, बिया, शिंपले, खडे यांचीच साधने बनवली. आणि आता २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा पाया मानून खेळ, चित्र आणि हस्तकला यांना त्यात जागा दिली आहे. सांगायचे ते एवढेच की, नाट्याच्या एका मास्तरच्या डोक्यातून निघालेले हे खूळ नव्हे.

पालकहो, चार वर्षांच्या मुलाच्या हाती आपण पेन्सिल देतो आणि अक्षर वळत नाही म्हणून रागावतो. वास्तविक त्याची बोटे अजून तयार झालेली नसतात. कागद फाडताना दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जनी जोर लावतात. कातरताना एक हात कात्री चालवतो आणि दुसरा हात कागद फिरवतो. दोन हातांनी दोन वेगळी कामे करायची आणि डोळ्यांनी दोहोंवर लक्ष ठेवायचे, ही लेखनाची खरी पूर्वतयारी आहे. दुसरा लाभ भाषेचा. आपली मुले घरी आपली बोली बोलतात आणि शाळेत मराठी किंवा उर्दू ऐकून बावरतात. "कोपरा कोपऱ्यावर ठेव, मधोमध दुमड, कडेकडेने काप, अर्धा भाग खाली ने" असे म्हणत आपण काम करू लागलो की हे शब्द मुलाच्या कानाआधी हातात उतरतात. तिसरा लाभ गणिताचा. एक घडी घातली की दोन भाग, दुसरी घातली की चार, तिसरी घातली की आठ. अपूर्णांक हा शब्द कानी पडण्याआधी अपूर्णांक मुलाच्या मुठीत येतो.

आता कृती सांगतो. माता-भगिनींनी या लक्षात ठेवाव्यात, म्हणजे घरीही करता येतील.

साहित्य अगदी थोडे लागते. घोटीव कागद, पतंगाचा कागद, जुनी वर्तमानपत्रे, लग्नपत्रिका आणि मिठाईच्या खोक्यांचे पुठ्ठे. चिकटवायला घरची खळ. एक वाटी कणीक किंवा मैदा चार वाट्या पाण्यात गुठळी न होऊ देता कालवावा आणि मंद आचेवर ढवळत शिजवावा. जुने लोक खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालत. ते विष आहे. मुलांच्या खळीत ते मुळीच घालू नये. थोडी थोडी खळ करावी आणि दोन दिवसांत संपवावी. कात्री बोथट टोकाची असावी.

पहिली कृती मोहराची. ही तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी. फिकट पिवळ्या पतंगी कागदाचे तुकडे मुलांनी हाताने फाडावेत, बोटांत चुरगाळून बारीक गोळ्या कराव्यात आणि तपकिरी कागदाच्या डहाळीवर खळीने चिकटवाव्यात. येथे कात्री नको. फाडताना एक गंमत दाखवावी. वर्तमानपत्राचा कागद एका बाजूने सरळ फाटतो आणि दुसऱ्या बाजूने वेडावाकडा. कागदालाही लाकडासारखा कल असतो, हे मूल स्वतःच शोधून काढते.

दुसरी कृती सावरीच्या फुलाची. मुलांनी आधी खरे फूल हातात घ्यावे, त्याच्या पाकळ्या मोजाव्यात. पाच भरतात. मग लाल कागदाच्या पाच लांबट पाकळ्या कापून पेन्सिलीवर गुंडाळाव्यात, म्हणजे त्यांना बाक येतो. मध्ये बारीक कातरलेली पट्टी गुंडाळून पुंकेसर करावेत. अशाच पाच पाकळ्या पांढऱ्या कागदाच्या करून मध्यभागी पिवळा रंग दिला, आणि एकीची कड दुसरीखाली सरकवत चिकटवल्या, की देवचाफा होतो.

तिसरी कृती रंगाची. कागद हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवावा. मग काडीला कापूस गुंडाळून ती साबणाच्या पाण्यात बुडवावी आणि त्या पिवळ्या कागदावर रेघ ओढावी. रेघ तांबडी उमटते. ओढणीवर हळद सांडली आणि साबण लावला की डाग लाल होतो, हे आपल्या भगिनींना ठाऊकच आहे. तेच हे शास्त्र! वर लिंबाचा थेंब टाकला की पुन्हा पिवळे. या कागदाचा पांगारा करावा.

चौथी कृती भिरभिऱ्याची. एक वीत लांबी-रुंदीचा चौरस घ्यावा. दोन्ही तिरप्या घड्या घालून उलगडावा. चारही कोपऱ्यांपासून घडीवरून मध्याकडे कापत यावे आणि मध्यापूर्वी दोन बोटे थांबावे. मग एकाआड एक टोक मध्यावर आणून टाचणीने काडीला अडकवावे. टाचणी मोठ्या माणसाने लावावी. खाडीवरचा वारा पुढचे काम करतो.

पाचवी कृती ईदच्या कार्डाची. आपला महिना चंद्राप्रमाणे चालत असल्याने रमजान ईद दरवर्षी सुमारे दहा-अकरा दिवस अलीकडे येते. २०२३ ते २०२६ या वर्षांत ती मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे ऐन बहरात आली. चौकोनी पतंगी कागदाच्या तीन घड्या घालून कडेला लहान लहान त्रिकोण आणि अर्धगोल कातरावेत. उलगडताच मशिदीच्या खिडकीसारखी जाळी होते. ती रंगीत पुठ्ठ्यावर चिकटवावी. ज्यांचे वडील आखातात किंवा जहाजावर आहेत, त्यांनी आतमध्ये स्वतःच्या हाताने नाव लिहून ते पाठवावे. फोनवर फोटो एका क्षणात पोहोचतो हे खरे. पण मुलाच्या हातची खळ लागलेला कागद उशीखाली ठेवता येतो.

मित्रहो, येथवर मी कृती सांगितल्या. आता एक चूक सांगतो. ती माझी स्वतःची आहे.

काही वर्षांपूर्वी, मी दुसऱ्या एका शाळेत असताना, बालवर्गाच्या हस्तकलेचे प्रदर्शन ठरले. पाहुणे येणार होते. मुलांनी केलेली फुले आम्ही संध्याकाळी टेबलावर मांडली तेव्हा ती मला फार गबाळी वाटली. कोणाच्या पाकळ्या लहान-मोठ्या, कोठे खळ ओघळलेली, कोठे रंग भलताच. मी दोन सहकाऱ्यांना थांबवून घेतले आणि रात्री उशिरापर्यंत बसून आम्ही नवी फुले केली. सुबक, एकसारखी, लालभडक. त्यांखाली मुलांच्या नावांच्या चिठ्ठ्या लावल्या. मुलांची फुले मी माझ्या हाताने केराच्या टोपलीत टाकली.

दुसऱ्या दिवशी पाहुणे खूश झाले. माझे कौतुक झाले. दुपारी एक आई आपल्या पाच वर्षांच्या मुलाला घेऊन टेबलाजवळ आली. तिने त्याच्या नावाची चिठ्ठी वाचली आणि हौसेने म्हणाली, "बघ, तुझे फूल किती छान!" मूल त्या फुलाकडे पाहत राहिले आणि म्हणाले की हे माझे नाही, माझे निळे होते. आईला वाटले, पोर विसरले असेल. तिने त्याला समजावले. ते पुन्हा तेच म्हणाले. मी तीन हातांवर उभा होतो. मी काही बोललो नाही.

त्या दिवसानंतर ते मूल कागदाला हात लावीना. कागद पुढे ठेवला की हात मागे घेई. मी गोडीने सांगून पाहिले, गोळी देऊन पाहिले, थोडा रागावलोही. तीन आठवडे असे गेले. आपण केलेले काम टाकून दिले जाते आणि त्या जागी आपले नाव लावून दुसऱ्याचे काम ठेवले जाते, एवढा धडा मी त्याला शिकवला होता. पालकहो, हाच धडा पुढे दहावीच्या वर्गात नकल करताना आपल्याला दिसतो आणि मग आपण विचारतो की मुले असे का करतात.

एके दिवशी मी वर्गात एक प्रयोग दाखवत होतो. कागदाच्या सारख्या रुंदीच्या लांब पट्टीची साधी गाठ मारावी, हलके हलके ओढावी आणि बोटाने दाबून सपाट करावी. पाच समान बाजूंचा सुंदर पंचकोन तयार होतो. माझी गाठ दोनदा फाटली. ते मूल शेजारीच बसले होते. त्याचे वडील मासेमारीला जाणारे, घरी जाळी दुरुस्त करताना ते रोज पाहत असे. त्याने माझ्या हातातली पट्टी घेतली, गाठ मारली आणि न फाडता ओढून सपाट केली. मी म्हणालो, "मला शिकव." त्याने मला शिकवले. मग त्याने शेजारच्या चौघांना शिकवले. पंचकोनाच्या पाच बाजूंना पाच पाकळ्या लावल्या की फूल होते, हे मी दाखवले. पाकळ्या कोणत्या रंगाच्या, हे मात्र विचारले नाही, कागदांचा गठ्ठाच पुढे ठेवला. त्याने निळा घेतला.

ते फूल मी भिंतीवर लावले. त्याची एक पाकळी तोकडी होती, ती मी सरळ केली नाही. आणि त्याआधी त्या मुलाला, पाच वर्षांच्या मुलाला, मी सांगितले की तुझे पहिले फूल मी टाकून दिले होते, ती माझी चूक झाली. त्याने फक्त मान हलवली आणि दुसरा कागद मागितला. निळेच फूल का, हे मी त्याला आजवर विचारलेले नाही. सांगावेसे वाटले असते तर त्याने सांगितले असते.

म्हणून आज आपणांस विनंती करतो. भाषणानंतर शेजारच्या खोलीत बालवर्गाचे काम पाहावे. तेथील फुले वाकडी आहेत. काही पानांवर खळीचे डाग आहेत, एका पांगाऱ्याला सात पाकळ्या आहेत. त्यातील एकही मोठ्या माणसाने केलेले नाही, याची मी ग्वाही देतो. पाहताना "त्याचे बघ किती चांगले, तुझे असे का?" असे कृपया म्हणू नये. "हे कसे केलेस?" एवढेच विचारावे. मग बघा, घरी न बोलणारे मूलसुद्धा बोलू लागते.

आणखी तीन गोष्टी सांगतो.

एक, डावखुऱ्या मुलांविषयी. जेवताना उजवा हात वापरावा हा आपल्या घरातला संस्कार आहे, तो मुलांना अवश्य द्यावा. परंतु कात्री आणि पेन्सिल ज्याच्या डाव्या हातात स्वाभाविकपणे जाते, त्याला मारून उजव्या हाताला लावू नये. बाजारातली साधी कात्री उजव्या हातासाठी बनवलेली असते. डाव्या हातात धरली की पात्याआड रेघ दिसत नाही. दोष त्या मुलाचा नसतो, कात्रीचा असतो.

दोन, मुलगे आणि मुली यांविषयी. कागदकाम हे मुलींचे काम असा काहींचा समज आहे. जाळे विणणारे, होडी बांधणारे, कागद बनवणारे हात पुरुषांचेच होते ना? मुलगा आणि मुलगी यांना एकाच चटईवर, एकाच गठ्ठ्यातला कागद द्यावा.

तीन, वेळेविषयी. रोज नको, आठवड्यातून एक संध्याकाळ पुरे. मगरिब ते इशापर्यंत तासाभराचा अवधी मिळतो. आज त्या वेळी बऱ्याच घरांत मूल गप्प बसावे म्हणून त्याच्या हातात मोबाईल दिला जातो. मोबाईलमध्ये फुलांची सुंदर चित्रे असतात, पण त्यांत मुलाच्या हाताला काम नसते. आठवड्यातून एकदा तो बाजूला ठेवून वर्तमानपत्राचे एक पान त्याच्यासमोर ठेवा आणि तुम्हीही बसा. तुम्हाला जमले नाही तर फार उत्तम. मोठ्यांनाही जमत नाही आणि तेही पुन्हा प्रयत्न करतात, हे मुलाने पाहणे गरजेचे आहे.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हालाही सांगणे आहे. आठवी-नववीच्या मुलामुलींनी आपल्या लहान भावंडांना या कृती शिकवाव्यात. पट्टीच्या गाठीतून निघालेल्या पंचकोनाचा कोन मोजून पाहावा. तो १०८ अंश का येतो, ते भूमितीच्या तासाला गुरुजींना विचारावे. लहानांना शिकवता शिकवता आपले शिक्षण पक्के होते, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

सावरीचे फूल दोन दिवसांत झाडाखाली पडते. मोहर गळतो, त्यातला थोडाच आंब्यापर्यंत पोहोचतो. कागदाचे फूलही पावसाळ्यात ओलसर होऊन उतरेल. त्याचे दुःख नको. ते करताना मुलाच्या बोटांत जे आले आणि हे माझे आहे असे जे त्याला वाटले, ते टिकते. ते आपल्या हातून केरात जाऊ नये, एवढीच माझी कळकळीची विनंती आहे.

 

— एक शिक्षक, बी. ए., बी. एड., नाटे